वाढीचे चार बोटं

१९ ऑक्टो.

आता म्हणे बकरीच्या पिलाले घातला. मी चंद्रपुरात दुकानदाराचं डोकं खाऊन निवडलेला स्वेटर, चौदा वर्षाच्या पोरीचा, चांगला कंपनीचा, तो आता पिलाच्या अंगावर. अन् सुजी हे फोनवर हासत सांगते. वरून म्हणते, "त्याले बी ढिलाच होते, दादा."

मागच्या थंडीतलं भांडण आहे हे, संपतच नाई. तिनं तो एकच दिवस शाळेत घातला. वर्गातल्या पोट्ट्यांनी बुजगावणं म्हटलं. मंग पेटीत टाकला तो टाकलाच. जानेवारीत थंडी खाल्ली अन् अंग धरलं. तिले सिकलसेल आहे, सिकलच्या पोरीनं थंडी खायची नसते हे डॉक्टरनं सांगतलं, आशाताईनं सांगतलं, मी तं घसा कोरडा केला. थंडी लागली का तिचं रक्त आतल्या आत अडते, हाडं ठणकते, मंग गडचिरोली, मंग सलाईन. तिलेच सारं भोगा लागते अन् तिलेच समजत नाई.

आज म्हणे, "तू मले पैसे पाठव. मी माह्या मनानं घेतो."

म्हटलं पैसे नाई देत. देले तं रिचार्ज मारशीन.

फोन कटला. तिनं कापला का नेटवर्क गेलं, माहीत नाई.

२२ ऑक्टो.

सकाळपासून डोकं खराब. पंप चालू केला, टाकी भरेपर्यंत बसून राह्यलो. जिवतीच्या पहाडावर पाणी चढवाची ही नोकरी अशीच आहे, बटन दाबा अन् बसा. लाईन गेली तरी बसा, लाईन येईपर्यंत. माहं कुठीच मन लागत नाई. तेलंगणात मिरची तोडाले गेलो, पळालो. हैद्राबादच्या हॉटेलातून पळालो. नागपुरात सेंट्रिंगवर होतो, तिथून बी. इथी टिकलो कारण डोक्यावर कोणी नाई. पण हात रिकामे राह्यले का तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतो. दिवसाले किती होते ते लिहित नाई.

पावसाळ्यात काकीनं क्रोशाची सुई हातात देली. काकी म्हणजे माही घरमालकीण. तिच्या घरचे मराठवाड्यातून येऊन या पहाडावर बसले, बोली अजून तिकडचीच. म्हणली, "लेकरा, ते घोटत बसण्यापरीस हे कर. बोटाला चाळा तर चाळा." तिनं जन्मभर तोरणं अन् रुमाल केले. मी बी दोन रुमाल केले. एक टीव्हीवर टाकला तिनं.

ठेकेदाराचा माणूस आला का हासते. परवा म्हणे, "काय बे रोशन, लग्न ठरलं का तुहं? रुखवताचं करून राह्यला?"

आज पंपावर बसल्या बसल्या डोक्यात आलं. स्वेटर बी सुईनंच होते ना.

२६ ऑक्टो.

पंपाचं सील आणाले चंद्रपूरले गेलो. ते काम झालं अन् लोकरीच्या दुकानात शिरलो. साऱ्या बाया. मी एकटाच, तेलाचे हात घेऊन. मालकीण बाईनं विचारलं कोणासाठी? बहिणीसाठी म्हटलं. विणाले शिकली का ती? म्हटलं मी करतो. तिनं माह्याकडे पाह्यलं, पण हासली नाई, हे बरं केलं.

मोरपंखी लोकर घेतली. सुजीले मोरपंखी आवडते, वहीचं कव्हर बी तेच. एक टेप घेतला. बाईनं स्वेटर कसा करायचा त्याचा कागद देला, झेरॉक्स, मराठीत. साखळी, खांब म्हणजे उभा टाका, ओळ, हे सारे शब्द मले येते. पण आकडे पाहून येड लागलं.

साईज ६ (८, १०, १२, १४) वर्षे. मागचा भाग, साखळी ५६ (६०, ६२, ६५, ६८). लांबी १२ (१३, १४, १५, १६) इंच. प्रत्येक ठिकाणी असंच. एक आकडा बाहेर अन् बाकीचे कंसात.

सातवीत शाळा सोडली तवा बी कंसच आडवे आले होते. गुरुजी म्हणत आधी कंस सोडवा. मी शाळाच सोडली.

२९ ऑक्टो.

बसलो करत. कागदात जसं लिहिलं तसं. आधी छप्पन, मंग साठ, मंग बासष्ट, मंग पासष्ट, मंग अडुसष्ट. दर ओळीत खांब वाढवत गेलो. जागा नोयती तिथी दोन दोन घुसवले. पाच ओळी झाल्या अन् ते काय झालं? सूप. आमच्याकडं बांबूचं पाखडाचं सूप राह्यते ना, हुबेहूब तसंच, वर निमुळतं खाली पसरलेलं.

काकीनं ते दोन्ही हातात धरलं अन् खरंच तांदूळ पाखडल्यावानी केलं. पोट धरून हासली. मले लगित राग आला. सारं ओढून उसवलं.

३० ऑक्टो.

काकीले वाचता येत नाई, पण मोजता येते. मी कागद वाचत गेलो, ती बोटं मोडत गेली. प्रत्येक ठिकाणी किती आकडे, असं विचारे. पाच. पुढं? पाच. त्याच्या पुढं? पाचच. कुठी बी पाचच, कमी नाई का जास्ती नाई.

मंग म्हणली, "पंगत हाय ही. पाच लेकरं एका रांगेत बसलेत. वाढणारी पयल्यापासून वाढत जाती. तू तुज्याच ताटातलं खा, दुसऱ्याच्या ताटात हात घालू नको."

म्हणजे सुजी कोणत्या ताटावर बसली ते एकदा ठरवाचं, मंग साऱ्या कागदात त्याच नंबरचा आकडा घ्याचा. चौथी असन तं नेहमी चौथा. बाकीचे चार आपले नाईतच.

असं कोणी सातवीत सांगतलं असतं तं.

२ नोव्हें.

सुजी चौदाची. म्हणजे पाचवं ताट, शेवटचं. साखळी अडुसष्ट. सुई हातात घेतली अन् थांबलो. बकरीच्या पिलावरच्या स्वेटरात बी १४ हेच लिहिलं होतं.

कागद परत वाचला. वर्षांच्या खाली आखीन एक ओळ आहे, छाती, इंचात. म्हणजे वय नुसतं नावाले. खरी गोष्ट छाती. अन् सुजी आठवीत आहे, पण पाचवीच्या पोरींत उभी केली तं ओळखू येत नाई. तिचं अंगच धरत नाई. डॉक्टर म्हणते सिकलमध्ये असं होते, वाढ मांग राह्यते.

नेटवर्कसाठी टेकडीवर चढलो. फोन सुजीनंच उचलला. छातीचं माप लागन म्हटलं तं म्हणे, "काऊन? पुन्हा हसाले पाह्यजे का गावाले?" अन् मायजवळ फोन देऊन निघून गेली.

मायनं विचारलं काय झालं? सांगतलं. ती म्हणली सुतळीनं मोजून पाठवतो बाबू, तू नोको काळजी करू.

इथी सकाळी आता धुकं पडते. धानोऱ्याकडं आमच्या गावाले तं नालाच लागून आहे, जंगल लागून आहे. तिथली थंडी इथल्यापेक्षा जास्ती. दिवस हातातून चालले.

९ नोव्हें.

मोरेश्वरभाऊ आमच्याच गावचा, गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात आहे. गावावरून आला अन् एसटीच्या कंडक्टरजवळ पुडकं देलं. थोडे पोहे, जवसाची चटणी, अन् सुतळी. दोन गाठी मारलेल्या. एक छातीची, एक हाताची, मायनं फोनवर सांगतलं होतं कोणती कोणती.

टेप लावला. छाती बरोबर अठ्ठावीस. हात साडेपंधरा.

कागदात बारा वर्षाची छाती साडेअठ्ठावीस, अन् बारा वर्षाचा हात साडेपंधरा. दोन्ही एकाच ताटात येऊन बसले. चौथं ताट. इतकं बरोबर बसलं का मनाले बरं वाटलं. मंग वाटलं पोट्टी बारावाल्याइतकी तं आहे. मी उगाच तिले पाचवीतली म्हणत होतो.

१३ नोव्हें.

काकीसंग भांडण. कागदात छाती दोनदा लिहिली आहे. एक ओळ "अंगाची छाती", त्याच्या खाली "तयार स्वेटरची छाती". खालचे आकडे सारे तीन इंच जास्ती. सहावाल्याची अंगाची चोवीस तं तयार सत्तावीस. बारावाल्याची साडेअठ्ठावीस, तयार साडेएकतीस.

मी म्हणतो सुतळी अठ्ठावीसची आहे तं स्वेटर बी अठ्ठावीसचा पाह्यजे. काकी म्हणते अंगाचं माप अंगाच्या ओळीत बघ. मी म्हणतो मंग हे तीन इंच कोणाचे? ती म्हणते मला काय विचारतुस, मी तोरणवाली. दाराला कुटं श्वास लागतो.

शेवटी कागदाचं ऐकलं. बारावाला. साखळी पासष्ट.

कागदात हे बी आहे का चार इंचात सोळा खांब आले पाह्यजे. माहे अठरा येत. काकीनं पाह्यलं, म्हणे हात घट्ट हाय तुजा, कुणाला आवळायलास? जाड सुई देली. मंग सोळा आले.

१८ नोव्हें.

मागचा भाग अर्धा झाला. पंपावर करतो, लाईन गेली तरी आता शिव्या देत नाई. ठेकेदाराचा माणूस येऊन गेला, म्हणे आम्हाले बी एक कर. म्हटलं आधी छातीचं माप दे. तो म्हणे शर्ट चाळीसचा लागते. म्हटलं शर्टाचं नाई, तुहं. त्याले सांगता नाई आलं. कोणाले सांगता येते? शर्टाचं सारे सांगते.

खर्रा आज एकच.

२१ नोव्हें.

मायचा फोन. सुजीले परवापासून गडचिरोलीत भरती केलं.

परवापासून. अन् मले आज.

रात्रीतून पाय दुखाले लागले म्हणे, मंग पाठ. बाबांनी मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून धानोऱ्याले आणलं, तिथून गाडीनं पुढं. सलाईन चालू आहे, रक्त लागलं तं लावतीन. मी विचारलं अंगात काय होतं? माय गाडीचंच सांगत राह्यली. परत विचारलं. फ्राक होता, बाबू. वरून माही शाल.

ठेकेदाराले फोन केला, सुट्टी पाह्यजे. तो म्हणे बदली माणूस येईपर्यंत पंप सोडला तं खालच्या चारही पाड्यांचं पाणी बंद, लोक तुलेच धरतीन. आधीचा असतो तं निघून गेलो असतो, सांगतलं बी नसतं. बॅग भरली. मंग काकी घागर घेऊन नळाजवळ उभी दिसली. बॅग तशीच भरून ठेवली आहे.

२२ नोव्हें.

काहीच सुचत नाई तं सुई चालवली. दिवसभर. दुपारी पाह्यलं तं कालपासूनच्या ओळी आत ओढल्या गेल्या. अंगात कमरपट्टा बांधल्यावानी दिसते. मोजले, चार इंचात एकोणीस. काकीनं पाह्यलं अन् चहा आणून ठेवला.

२३ नोव्हें.

सुजीसंग बोललो. माय औषधं आणाले गेली होती, फोन तिच्याजवळ होता. आवाज बारीक. दुखणं कमी झालं म्हणे, उद्या-परवा सुट्टी देतीन.

मी म्हटलं स्वेटर अर्धा झाला, बारा वर्षाचा, सुतळीच्या मापाचा बरोबर.

तिनं विचारलं, अठ्ठावीस धरले का? म्हटलं हो. म्हणे, "दादा, मायनं गाठ मारताना आत चार बोटं घातले. मी पाह्यलं."

काऊन? म्हटलं.

"वाढीचे."

मंग सुरूच झाली. मी मधात बोललो नाई.

"युनिफॉर्म शिवते तं वाढीचा. चप्पल घेते तं वाढीची, मांग कापूस कोंबून घालतो मी. मागच्या साली तू आनला तो बी वाढीचाच. सारे मले पुढचंच देते. मी वाढून नाई राह्यली तं मी काय करू? तोपर्यंत काय घालू? मले आताचं दे ना कोनी."

नंतर खोकली. मंग म्हणे तुहं चार्जिंग संपन, ठेव.

टेकडीवर कितीक वेळ बसलो. खाली टाकी भरून वाहून राह्यली होती. लोक ओरडले तवा समजलं.

२५ नोव्हें.

सुट्टी झाली तिची. घरी आहे. गोळ्या, गरम पाणी, अंथरुणातच.

सुतळी काढून बसलो. चार बोटं वजा करा लागतीन. पण कोणाचे? माहे घातले तं तीन इंच जाते. काकीचे घातले तं अडीच. मायचे बोटं कसे आहे आठवून पाह्यलं. धानाच्या रोवण्यात फुगलेले दिसते डोळ्यापुढं, ते पावसाळ्यातले. आताचे कसे आहे माहीत नाई. अन् घट्ट धरले का ढिले? हाताच्या गाठीत बी घातले असन, एखादं. दोन गाठी एका ताटात बसल्या म्हणून मी खुश होतो, अन् दोन्ही मायनंच बसवल्या होत्या.

वरून कागदाचे तीन इंच. म्हणजे मायचे चार बोटं, त्यावर कागदाचे तीन. झालं असतं तिचं परत बुजगावणं.

२७ नोव्हें.

सुजीनं स्वतःहून फोन केला. मी टेकडीवरच होतो. म्हणे लिहून घे. दोऱ्यानं मोजलं, मंग कंपासातल्या पट्टीवर ठेवलं, तीनदा. छाती पंचवीस. हात साडेचौदा.

"यात काही टाकू नोको. कोनी सांगतलं तरी."

म्हटलं कोणी म्हणजे? माय बाजूलेच बसली होती वाटते, कारण तिनं आवाज कमी केला.

२८ नोव्हें.

पंचवीस कागदात नाईच. सहावाल्याची चोवीस अन् आठवाल्याची सव्वीस. दोन ताटांच्या मधात बसली जाऊन.

आधी त्या तीन इंचाचं ठरवाचं होतं. ते बी वाढीचे असले तं काढून टाकाचे. शर्ट काढला, टेप लावला. श्वास सोडून चौतीस. भरून छत्तीस. वर शर्ट घातला, हात पुढं केले, आखीन इंचभर लागला. झाले ना तीन. म्हणजे ते वाढीचे नाईच. आताचेच आहे. श्वासाचे, हात हलवाचे, आतल्या फ्राकाचे. ते काढले तं कोंबडीवानी बांधली जाईन पोट्टी.

काकीले सांगतलं. म्हणे, म्हून तर म्हणलं दाराला श्वास लागत नसतो. आता तिलेच सारं आधी माहीत होतं.

तं मंग पंचवीस अन् तीन, अठ्ठावीस तयार. मागचा भाग चौदा इंच. इंचाले चार खांब. छप्पन, अन् साखळीत दोन जास्तीचे, कागदात सारीकडे दोन जास्ती आहे. अठ्ठावन. कागदात छप्पन आहे अन् साठ आहे, अठ्ठावन त्यांच्या मधात. बरोबर जिथी यायले पाह्यजे तिथीच आला. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा काकीनं बोटांवर मोजलं.

पेनानं ५६ अन् ६० च्या मधात लिहिलं, ५८. सहावं ताट.

पण हात साडेचौदा, तो दहावाल्याचा निघाला. छाती दहाची नाई अन् हात मातर दहाचा. एकाच पोरीचे दोन ताटं. पट्टी चुकली का तिची? बाबा जंगलखात्याच्या डेपोत बांबू मोजता मोजता म्हणत, कोंब निघते तवाच जाडी ठरते, मंग नुसता लांब लांब. तवा ती गोष्ट बांबूचीच वाटली होती.

२९ नोव्हें.

पासष्टवाला भाग उसवला. सारा. मधातला तो घट्ट पट्टा उसवाले जड गेला, खांब एकमेकांत रुतले होते. काकी गोळा करत गेली, मी ओढत गेलो. लोकर कुरळी झाली तं काकीनं वाफेवर धरली.

बॅग रिकामी केली. कपडे खिळ्याले टांगले.

२ डिसें.

मायचा फोन. सुजी शाळेत गेली होती, म्हणून केला असन.

म्हणे, "बाबू, पुरं माप नोको करू. माह्या मायनं कधी लेकराचं पुरं शिवलं नाई. पुरं केलं का अंग तिथीच थांबते. थोडी जागा ठेव. दोन बोटं ठेव."

मी म्हटलं, माय, ती थंडी खाऊन राह्यली.

माय म्हणे, मले नाई माहीत का? मंग रडाले लागली. म्हणे तू पुरं करशीन म्हणजे तू बी मानलं का आता ती एवढीच.

मंग बाबांनी फोन घेतला. तिकडं थंडी कशी आहे? आहे म्हटलं. तेवढंच. ते नेहमी तेवढंच बोलते.

३ डिसें.

दोन बोटं म्हणजे दीड इंच. पुढून पाऊण, मागून पाऊण. दिसणार बी नाई. माय खुश होईन. सुजीले कोण सांगते?

पंपावर बसून हेच चाललं दिवसभर. अठ्ठावनच्या जागी एकसष्ट केले तं. मागचा भाग एक वीत झाला होता, मोजून पाह्यला, अजून बदलता येत होता.

तिले समजन. ती सुतळीतले चार बोटं पाहून बसली होती.

अठ्ठावनच.

७ डिसें.

काल सहा डिसेंबर. कालपर्यंत व्हाले पाह्यजे होता, नाई झाला. सुजी सांजच्याले विहारात गेली अभिवादनाले, पांढरा ड्रेस, वरून मायची शाल. शाल खांद्यावर राह्यत नाई, मेणबत्ती धरली का सरकते. फोनवर मायले विचारलं परत आल्यावर कशी होती, म्हणे शेकोटीजवळ बसली, हात थंड होते.

पुढचे दोन भाग झाले. एक बाही झाली, कागदाच्या तिसऱ्या ताटातली. लांब दिसते. अंगापेक्षा बाह्याच मोठ्या. काकी म्हणे चुकला असशील. परत मोजलं, नाई चुकलो. साडेचौदा म्हटलं होतं तिनं, साडेचौदाच आहे.

१० डिसें.

जोडला. खांद्याची शिवण काकीनं घातली, मले ते साधत नाई. बटनं तिच्याच जुन्या डब्यातले, चार सारखे अन् एक वेगळं. वेगळं वर लावलं, गळ्याजवळ.

जमिनीवर पसरून पाह्यला. एवढासा. मले वाटलं एवढासा कसा. मंग डोळे बंद करून तिले त्यात उभी करून पाह्यली. शेवटी मी तिले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले पाह्यलं होतं. म्हणजे मले बी तिचं आताचं माहीत नाई. आकड्यावरच विश्वास.

छातीले टेप लावला. अठ्ठावीस. मंग लावला अजून एकदा.

ठेकेदाराच्या माणसानं हातात घेऊन पाह्यलं. काहीतरी बोलाले तोंड उघडलं त्यानं. मंग म्हणे, बटन वेगळं आहे एक. म्हटलं हो.

लोकर उरली, एक गोळा अन् थोडी. काकी म्हणे, संगच पाठव, कामाला येईल. नाई पाठवली. गोळा पाहून मायले वाटन वाढीची ठेवली. सुजीले बी तेच वाटन. पेटीत ठेवली, माह्या. पुढच्या थंडीत पाहू कोणतं ताट लागते.

१२ डिसें.

सकाळी नळीतल्या पाण्याले हात लावता येईना इतकं गार. सुजीचा फोन लागला नाई दोन दिवस.

मोरेश्वरभाऊ उद्या गावाले चालला. कंडक्टरजवळ पुडकं देलं, गडचांदूरले त्याच्या हातात पडन. वर्तमानपत्रात बांधलं. आत चिठ्ठी टाकली नाई. काय लिहू? घाल म्हटलं तं घालणार नाई.

मायचा फोन आला दुपारी. जागा ठेवली ना बाबू? म्हटलं पुडकं उद्या येते, पाह्य. ती म्हणे म्हणजे नाई ठेवली. मंग म्हणे, तिच्यासमोर नाई खोलत म्हटलं तरी ती माह्या आधी खोलन. अन् ठेवला फोन.

नाई बसला तं नाई बसला. मंग तिनं स्वतः धानोऱ्याच्या बाजारात जावं, स्वतः अंगाले लावून पाहावं, अन् आपल्या मनानं घ्यावा. रिचार्ज मारला तरी मी विचारणार नाई. मोरेश्वरभाऊच्या खात्यात टाकले, सांगतलं मायजवळ नाई, बाबांजवळ नाई, सुजीच्याच हातात द्यायचे. सातशे रुपये.